मोडलेल्या कण्याचा टेकू

उंचावरून पडलेल्या माणसाचा मणका मोडतो, तेव्हा धोका केवळ हाडाला नसतो. कण्याच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू दुखावला, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून मोडलेला कणा स्थिर ठेवणे अगत्याचे ठरते. पूर्वी त्यासाठी रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहावे लागे.

१९६३ साली पॅरिसचे शल्यविशारद रेमों रुआ-कामीय यांनी मणक्याच्या देठातून स्क्रू घालून ते पट्टीने जोडण्यास आरंभ केला. मागची कमान व पुढचा भरीव भाग यांना जोडणारे हे दोन आखूड देठ म्हणजे मणक्यातील सर्वांत बळकट जागा. स्क्रूच्या गाभ्याचा व्यास दुप्पट केला, तर त्याचा ताठरपणा सोळापट होतो. परंतु देठाची रुंदी त्याला मर्यादा घालते, कारण शेजारीच मज्जारज्जू असतो.

शिवाय भुसभुशीत मातीत रोवलेला खांब जसा डळमळतो, तसा वार्धक्याने विरळ झालेल्या हाडात स्क्रू सैल होतो. धातूही रोजच्या ताणाने थकतो व प्रसंगी तुटतो. तोवर हाड सांधले गेले पाहिजे. स्क्रू हा टेकू होय. भार अखेर हाडानेच पेलावयाचा असतो.