शाळेचा पट आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोड बोलावे असा रिवाज आहे. पण चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो शहापूर-मुरबाडकडील प्राथमिक शाळांचा, आणि त्या विषयात आज गोडापेक्षा खरे बोलण्याची गरज अधिक आहे. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आले असावे.

शाळेत फळा असतो, घंटा असते, मास्तर असतात. पण शाळेचा जीव असतो पटात. पट म्हणजे हजेरीपुस्तकातील नावे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि स्कूल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षकांचा पगार राज्य सरकार देते. वर्षाच्या किरकोळ खर्चाला समग्र शिक्षा योजनेतून अनुदान येते. त्यात शंभरातले ६० रुपये केंद्राचे व ४० राज्याचे. हे अनुदान पटाप्रमाणे ठरते. ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, १०० मुलांपर्यंत २५ हजार. घरसंसार चालविणाऱ्या बायकांना पुढचा हिशेब मी काय सांगावा? छप्पर दहा मुलांवर गळते तेवढेच शंभरांवर गळते, आणि विजेचे बिल पट पाहून येत नाही.

शिक्षकांचेही तसेच. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. इयत्ता मात्र चार-पाच. दोघांतील एक कचेरीच्या कामाला गेला की उरलेल्याने सगळे वर्ग सांभाळावयाचे. पट फारच घटला तर शाळेवरच प्रश्न येतो. २०१७ साली दहांहून कमी मुलांच्या शाळा मिटवून मुले दुसरीकडे नेण्याचे ठरले. २०२३ साली विसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार निघाला. सरकारचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे; चार मुलांत खेळही नीट मांडता येत नाही. पण पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी हा नियम उगाच झालेला नाही. आपल्या भागातील ओहोळ श्रावणात कसे फुगतात ते आपण जाणता. शाळा लांब गेली की सर्वांत आधी घरी बसते ती मुलगी.

मग पट घटतो कसा? मला दोन वाटा दिसतात.

एक वाट पुढल्या दाराने जाते. सकाळी पिवळी बस येते आणि टायबूट घातलेली मुले इंग्रजी शाळेकडे निघतात. भगिनींनो, मी कुणाला नावे ठेवीत नाही. माझा स्वतःचा नातू त्याच बसने जातो. मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना जिथे शिकविले, तिथे माझ्या घरचे मूल बसले नाही, ही खंत आज आपणांसमोर बोलून दाखविते.

दुसरी वाट मागल्या दाराने जाते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे शहापूर तालुक्यात साधारण दर तीन माणसांत एक आदिवासी आहे, मुरबाडात चारांत एक. त्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. मुलेही बरोबर जातात. माझ्या वर्गातील अशा एका मुलीच्या नावापुढे मी तांबड्या शाईने ‘सतत गैरहजर’ असे लिहीत राहिले. मृगात ती आली तेव्हा पाढे विसरली होती. पुढच्या वर्षी आलीच नाही. भट्टीवर जाऊन चौकशी करावी हे मला तेव्हा सुचले नाही.

ज्यांना सुचले त्यांची उदाहरणे जवळचीच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडला नेले. तो मुलूख तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून पालघरात आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा नेली. तिचे नावच कुरणशाळा. पुढे विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांचे खोपटे. आणि मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा उघडली. गुलाबी लुगडी नेसून साठी-सत्तरीच्या आजीबाई पाटी घेऊन बसल्या. पाय थकलेल्या आजीसाठी गाव शाळा मांडू शकते, तर भट्टीवरून परतलेल्या नातीसाठी का नाही?

म्हणून मंडळापुढे तीन कामे ठेविते.

पहिले, शाळा व्यवस्थापन समितीचे. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. आपण सही करून चहा पिऊन परत येतो. यापुढे अनुदान किती आले, कशावर गेले, हे विचारल्यावाचून उठावयाचे नाही.

दुसरे, दिवाळीपूर्वी वाडीवर जाण्याचे. मुलांना आजीआजोबांपाशी ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहासाठी वेळेवर मागणी करावी. जाणे अटळ असेल तर मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे दुसऱ्या गावची शाळा त्याला बसवून घेईल.

तिसरे, वाचनाचे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत पाचवीच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचावयास देतात. अलीकडच्या पाहण्यांत आपल्या राज्यातील खेड्यांतली साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक मुले तेथे अडखळली. ही परीक्षा आपल्या ओट्यावरही घेता येते. शाळा कोणतीही असो, आज रात्री आपल्या मुलास एक पान वाचावयास सांगा. अडखळले तर रागावू नका. शेजारची दोन मुले घेऊन रोज अर्धा तास बसा. मी माझ्या ओट्यापासून आरंभ करणार आहे, आणि माझा नातूही त्यांत बसेल.

पट सरकार मोजते, पण तो भरावयाचा आपण. पुढच्या वर्धापनदिनी आपल्या शाळेत किती नावे वाढली हे कुणीतरी उठून सांगावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.