व्यवसायोपचार : एक उपेक्षित सेवाधर्म

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



गुणवंतांचे कौतुक करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. अशा प्रसंगी वडीलधाऱ्याने उपदेशाचे चार शब्द सांगावेत, असा प्रघात आहे. परंतु उपदेशापूर्वी आम्हांस एका चुकीची कबुली द्यावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्ती समितीवर असताना एक ज्ञातिबंधू आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलीस डॉक्टरीला प्रवेश मिळाला नव्हता. व्यवसायोपचाराच्या पदवीस मात्र मिळत होता. "गुरुजी, हे कसलं शिक्षण? नाव कधी ऐकलं नाही," असे त्यांनी विचारले. आम्हीही ऐकले नव्हते. पण शिक्षकाला 'ठाऊक नाही' म्हणणे जड जाते. "रोग्यांना टोपल्या विणायला शिकवण्यात का मुलीनं चार वर्षं घालवायची? पुन्हा परीक्षेला बसवा," असा सल्ला आम्ही दिला. मुलगी गप्प बसून होती. पुढल्या वर्षीही तिला प्रवेश मिळाला नाही आणि तिने निराळाच मार्ग धरला. तिची स्वतःची इच्छा काय होती, हे आम्ही विचारलेही नव्हते.

त्या अज्ञानाचे उत्तर आम्हांस आमच्याच घरात मिळाले. तीन वर्षांपूर्वी आमच्या सहधर्मचारिणीस पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले. डॉक्टरांनी प्राण वाचविले. भौतिकोपचाराने ती काठी धरून चालू लागली. या दोहोंचे ऋण आम्ही मानतोच. परंतु घरी आल्यावर घास आम्ही भरवीत असू, झंपर सून घालून देई, वेणी नात घाली. आम्ही सारे मायेने करीत होतो आणि ती मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालली होती.

अशा वेळी व्यवसायोपचाराची एक तरुण तज्ज्ञ घरी येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने औषध लिहिले नाही, की यंत्र काढले नाही. "काकू, सगळ्यांत आधी काय करावंसं वाटतं?" एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने उत्तर आले, "देवापुढच्या वाती वळाव्यात."

आम्हांस वाटले, हा काय उपचार! पण त्या मुलीने कापूस मागविला आणि ती न्याहाळीत बसली : अंगठा व तर्जनी जुळतात काय, मनगट कोठे अडते, खांदा उगाच वर उचलला जातो काय, उजवीकडची वस्तू नजरेतून सुटते काय. वाती हे निमित्त होते. त्यातून ती हात, डोळे आणि मन यांची परीक्षा घेत होती. पुढे तिने चमच्याच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड केला. ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके घातले. झंपर घालताना दुबळा हात आधी बाहीत जावा आणि काढताना धडधाकट हात आधी बाहेर यावा, ही युक्ती शिकविली. न्हाणीघरात पक्के स्टूल ठेवविले, भिंतीला धरावयास दांडी बसवून घेतली. आणि आम्हांस बजावले, "गुरुजी, मदत कमी करा, वेळ जास्त द्या." छत्तीस वर्षे मुलांना शिकवूनही हे आम्हांस सुचले नव्हते.

पाच महिन्यांनी दिवाळीत तिने वळलेली पहिली वात निरांजनात लागली. जाडजूड होती, वाकडी होती. पण तेवत राहिली. उजवा हात आजही पूर्ववत नाही, आणि तो होईल असे वचन कोणी दिलेही नव्हते. परंतु आज ती आपल्या हाताने जेवते.

मित्रहो, ही विद्या आपल्या प्रांताला परकी नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पाश्चात्य देशांत जायबंदी सैनिकांच्या सेवेतून ती वाढली. भारतात तिची पहिली शाळा 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन. विवाहाने त्या आपल्या झाल्या. 1952 साली या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी निघालेल्या जागतिक संघटनेच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. 2021 साली संसदेने संमत केलेल्या कायद्यात या व्यवसायास स्थान आहे. पक्षाघाताचे रुग्णच नव्हेत, तर स्वमग्न बालके, मनोरुग्ण, कुष्ठरोगाने हाताची संवेदना गमावलेले लोक, या सर्वांस तिचा उपयोग होतो.

असे असता तिची किंमत समाजास का कळत नाही? एक तर नाव फसवे आहे. 'व्यवसाय' म्हणजे येथे पोटापाण्याचा धंदा नव्हे. मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे करतो, ते सर्व. दुसरे कारण अधिक खोल आहे. शस्त्रक्रियेचा व्रण दिसतो, औषधाची बाटली दिसते. या विद्येचे यश मात्र गुंडी लावण्यात, घास उचलण्यात असते. आणि ज्याचे हात शाबूत आहेत त्यास त्यात नवल वाटत नाही. ज्या गोष्टी आपण फुकट मिळाल्या समजतो, त्यांचे मोल त्या हरपल्यावरच कळते.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, शिष्यवृत्तीच्या नियमांत 'वैद्यकीय व अभियांत्रिकी' एवढेच शब्द आहेत, तेथे व्यवसायोपचार व तत्सम रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमांचा स्पष्ट उल्लेख व्हावा. सहधर्मचारिणीच्या इच्छेने पहिल्या शिष्यवृत्तीसाठी पाच हजार रुपये आम्ही खजिनदारांकडे दिले आहेत. पावतीवर सही तिची आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, ते गोड मानून घ्यावे.

आणि पालकहो, उद्या तुमच्या मुलीने न ऐकलेल्या विद्येचे नाव घेतले, तर आमच्यासारखा घाईने सल्ला देऊ नका. आधी तिला विचारा. ज्या मुलीस आम्ही विचारले नाही, तिची या सभेत जाहीर क्षमा मागून आम्ही आपली रजा घेतो.