‘स्वामी’ आणि आम्ही



रणजित देसाईंची ‘स्वामी’ कादंबरी १९६२ ची. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८० च्या दशकात गजानन जागीरदारांनी दूरदर्शनसाठी तिची मालिका केली. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई. आमच्या पिढीला रमाबाई म्हटलं की आजही तोच चेहरा दिसतो.

केनवड तेव्हा अकोला जिल्ह्यात. आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे अर्धी गल्ली बसायची. पडद्यावर मुंग्या आल्या की मुलगा अँटेना फिरवायला टिनावर चढायचा. थेऊरचा शेवट पाहून सगळे रडले. सौ. मात्र म्हणाली, “सती जाण्याचं काय कौतुक? तिला जिवंतपणी नवऱ्याजवळ दोन घटका बसायचं होतं. राज्यकारभारातून त्यांना सवड कुठं होती? तुमच्या बँकेसारखंच!”

मी हसलो. रात्री आठला घरी येणं काही सुटलं नाही. रिटायर झालो तेव्हा सवड झाली, पण ती फार दिवस राहिली नाही.

आज सोसायटीला २५ वर्षं झाली. तरुण मंडळींनो, संध्याकाळी वेळेवर घरी येत जा, एवढंच सांगतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!