जुन्या गिअरबॉक्सची पारख

मोटारीचें इंजिन सर्वांच्या डोळ्यांत भरतें. त्याच्या मागें दडलेला गिअरबॉक्स मात्र बिघडेपर्यंत कोणाच्या ध्यानींमनींही नसतो. वस्तुतः इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत किती जोरानें व किती वेगानें पोंचावयाची, हें ठरविणारा कारभारी तोच होय. कारभारी कच्चा निघाला तर धन्याची कमाई वायां जाते, हा संसारांतील अनुभव यंत्रांच्या राज्यांतही तितकाच खरा आहे. हॉट रॉड बांधणाऱ्या मंडळींना तर त्याची प्रचीति पदोपदीं येते.

हॉट रॉड म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जुनी, स्वस्त मोटार घ्यावयाची, तिचें अनावश्यक ओझें उतरावयाचें, इंजिन सुधारावयाचें किंवा बदलावयाचें आणि तिला मूळच्यापेक्षां कितीतरी वेगवान करावयाचें, अशी ही हौस आहे. तिचा उगम अमेरिकेंत, दक्षिण कॅलिफोर्नियांत झाला. म्युरॉक व एल मिराज येथील सरोवरांचे कोरडे, सपाट तळ हीं तेथील तरुणांचीं शर्यतीचीं मैदानें होतीं. त्यांच्या मंडळांनीं १९३७ सालीं सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन केली. या तरुणांजवळ पैसा बेताचाच. म्हणून मोडीच्या मोटारींचें आवार हेंच त्यांचें भांडार झालें. तेथून काय उचलावें आणि काय टाकावें, याचें शास्त्र अनुभवांतूनच तयार झालें.

त्या काळीं सर्वांत सुलभ गाडी फोर्डची. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या मॉडेल टी गाडीला पुढें जाण्यास दोनच गति होत्या. मॉडेल ए गाडीला त्या तीन झाल्या. परंतु गिअर बदलतांना दांत्यावर दांता घासून कर्कश आवाज होई. १९३२ सालीं फोर्डनें ६५ अश्वशक्तीचें आठ सिलिंडरांचें इंजिन काढलें, आणि त्याबरोबर दुसऱ्या व तिसऱ्या गिअरांना सिंक्रोमेशची जोड दिली. या योजनेंत एक पितळी कडें फिरत्या चक्राच्या निमुळत्या भागावर घासून दोघांचा वेग आधीं सारखा करतें आणि मगच दांते एकमेकांत शिरतात. १९३९ च्या गिअरबॉक्समध्यें ही योजना अधिक सुधारलेली होती, आणि दांडाही अद्याप तळांतूनच वर येत होता. पुढील वर्षीं तो स्टीअरिंगच्या खांबावर गेला. म्हणून हॉट रॉडवाल्यांत ‘एकोणचाळीसच्या पेटी’ला जो मान मिळाला, तो आजही टिकून आहे.

त्या पेटींत लिंकन झेफिर गाडीचीं दंतचक्रें बसविण्याची युक्तीही तेव्हांच रूढ झाली. फोर्डच्या पहिल्या गिअरमध्यें मागील दांड्याच्या एका फेऱ्यास इंजिनाचे सुमारें तीन फेरे होत. झेफिरच्या चक्रांनीं ते दोनाहून थोडेच अधिक होत. त्यामुळें खालच्या गिअरांत गाडी अधिक वेग गांठी. परंतु निघतांना क्लचवर ताणही अधिक पडे. हलक्या रोडस्टरला ही चक्रें शोभतात. जड गाडीला तीं शिक्षाच होय.

यावरून निवडीचें पहिलें सूत्र निघतें: गाडीचें वजन, इंजिनाचा जोर व मागील आंसाचें प्रमाण या तिन्हींचा मेळ पाहून पेटी घ्यावी, नांवावर भाळून नव्हे. दुसरें असें कीं, १९४८ पर्यंतच्या फोर्ड मोटारींत मागील चाकांचा रेटा एका बंद नळीवाटे गिअरबॉक्सच्या आधाराकडे येत असे. १९४९ पासून उघडा दांडा आला. एका पद्धतीची पेटी दुसरीच्या आंसाशीं सरळ जुळत नाहीं. हा विचार न करतां स्वस्तांत घेतलेली पेटी अखेर महाग पडते.

आतां मोडींतील पेटीची परीक्षा. बाहेरील खुणांवरून आंतील चक्रें ओळखूं जाणें व्यर्थ. गेल्या अनेक दशकांत तीं कोणी कितीदां बदललीं असतील, याचा नेम नाहीं. पुढील दांडा हातानें फिरवून, मागच्याचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत त्याचे किती फेरे होतात, ते प्रत्येक गिअरमध्यें मोजावे. नंतर तेल काढून पाहावें. तें दुधाळ असेल तर पाणी शिरलें आहे. त्यांत पोलादाचे तुकडे असतील तर दांते गेले आहेत. मग झांकण उघडावें. पहिल्या व मागें जाण्याच्या गिअरांचे दांते कडेला तुटलेले असण्याचा संभव फार, कारण त्यांना सिंक्रोमेशचें साह्य नाहीं. वरवरचा तांबूस गंज पुसून जातो. परंतु दांत्याच्या घासणाऱ्या पृष्ठावर गंजानें खळगे पाडले असतील, तर तें चक्र टाकूनच द्यावें. सरकत्या कड्याचे टोंकदार दांते बोथट झाले असले, तर गिअर आपोआप सुटतो.

पेटी खोलतांना घाई म्हणजे नाश. गंजून बसलेल्या बोल्टांस तेल पाजून एक रात्र जाऊं द्यावी. ठोकणें भागच पडलें, तर मध्यें पितळी सळई धरावी. बिडाच्या कवचाला चीर आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा जुना उपाय सोपा आहे. कवच धुऊन रॉकेल लावावें, पुसून कोरडें करावें आणि वर खडूचा पातळ लेप द्यावा. चीर असेल तर आंत मुरलेलें रॉकेल वर येऊन पांढऱ्यावर काळसर रेघ उमटवतें.

या साऱ्याहून मोठा प्रश्न विवेकाचा आहे. १९५५ च्या शेव्हरोले इंजिनाचा जोर १६२ अश्वशक्ति होता. पुढचीं इंजिनें त्याच्याही दुपटीपलीकडे गेलीं. ज्या पेटीची घडण ६५ ते १०० अश्वशक्तीच्या काळांत झाली, तिच्यामागें असें इंजिन जोडून एका झटक्यांत तिचे दांते उडविणें हा पराक्रम नव्हे. मूळची पेटी आतां कोणत्याही कारखान्यांत घडत नाहीं. जी फुटली ती कायमची गेली. जबर इंजिनाला १९५७ च्या बोर्ग-वॉर्नर टी-१० सारखी पुढील काळाची चार गतींची पेटी द्यावी, आणि एकोणचाळीसची पेटी तिच्याच काळाच्या इंजिनामागें चालूं द्यावी. मोडींतून वस्तु उचलणें सोपें आहे. तिला पेलेल तेवढेंच काम देऊन जगविणें हीच खरी कारागिरी होय.