निऑन गेले कुठे?

परवा रात्री मित्राचा मेसेज आला: 'टँकमध्ये बारा निऑन टेट्रा होते, आता सातच दिसतायत.' फिल्टरमध्ये नाहीत, तळाशी नाहीत. मी विचारलं, तुझा एंजल केवढा झालाय? म्हणे, 'मस्त वाढलाय!' वाढणारच.

दुकानात एंजल रुपयाएवढा दिसतो. पण तो सिक्लिड आहे, पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातो. निऑन जेमतेम तीन. दोघं मूळचे अ‍ॅमेझॉनकडचे, पाणी दोघांना सारखंच मानवतं, म्हणून जोडी बिनधास्त विकली जाते. आमच्याकडे कसं, कोड टेस्टिंगला चालला म्हणजे प्रोडक्शनला चालेलच असं नाही, तसंच हे. विकत घेताना आजची साइझ बघू नका, पूर्ण वाढ झालेल्या माशाचं तोंड केवढं होतं ते बघा.

आणि तोंडात मावत नाही म्हणजे सेफ, असंही नाही हं. टायगर बार्ब दोन-तीनच ठेवले, की गप्पीच्या शेपट्या कुरतडत बसतात. सहा-आठ असले तर बराच वेळ आपापसात भांडतात, तरी गप्पीसोबत नकोच.

मित्राकडे दुसरा टँक नाही. उरलेले सात निऑन काल डब्यातून माझ्याकडे आले. माझे चेरी बार्ब शांत आहेत, अजून कुणी कुणाच्या वाटेला गेलेलं नाही. सकाळी उठल्या उठल्या मोजले. सातच आहेत.