ऊन गावात, पाऊस घाटात



ऐन श्रावणात उघडीप पडून उकाडा वाढला, की शिरोळ तालुक्यातील नदीकाठ निर्धास्त होतो. हा भरवसा फसवा आहे. अरबी समुद्रावरील हवा एका अंशाने तापली, तर सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. ते गगनबावडा-राधानगरीच्या घाटमाथ्यावर कोसळते आणि पंचगंगेतून खाली येते. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णाही तुडुंब असली, म्हणजे पाणी तुंबून मागे पसरते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांस इशारा, ४३ फुटांस धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेले. तेव्हा कित्येकांचा पाय घरापेक्षा गोठ्यात अडकला होता. यास्तव ३९ फुटांची वर्दी येताच, आभाळाकडे न पाहता, ग्रामपंचायतीने प्रथम जनावरे हलवावीत, आणि तीही वैरणीसह. वैरण मागाहून येईल म्हटले, की शेतकरी दावे सोडत नाही.