अहमदनगरचे महदवी राज्य

जगाचा अंत समीप आला म्हणजे ‘महदी’ नामक मार्गदर्शक प्रकट होऊन पृथ्वीवर न्यायाचे राज्य स्थापील, ही श्रद्धा मुसलमान समाजात प्राचीन आहे. शियांच्या मते तो महदी म्हणजे नवव्या शतकात दृष्टिआड झालेला बारावा इमाम. त्याच्या पुनरागमनाची ते वाट पाहतात. परंतु ‘महदी येऊन गेला’ असे मानणाऱ्यांच्या हाती राज्य आले तर काय घडते? याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे.

जौनपूर येथे १४४३ साली जन्मलेले सय्यद महंमद हे शिया नव्हते. आपणच महदी आहोत, असे त्यांनी १४९५ च्या सुमारास मक्केत घोषित केले. १५०५ साली अफगाणिस्तानातील फराह येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा उपदेश वैराग्याचा होता. त्यांचे अनुयायी ‘दायरा’ नावाच्या वस्तीत राहत, अखंड ईश्वरस्मरण करीत आणि मिळेल ते सर्वांना सारखे वाटीत. नामस्मरणाची थोरवी जाणणाऱ्या महाराष्ट्रास यात परके असे काय आहे?

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील निजामशाहीत १५३७ च्या सुमारास शिया पंथ राजधर्म झाला होता. दरबारात परदेशी व दख्खनी सरदारांची चुरस होती. १५८९ साली परदेशी पक्षाच्या मिर्झाखानाने हुसेन निजामशहाचा वध करविला, तेव्हा जमालखान नामक महदवी सरदाराच्या नेतृत्वाखाली दख्खनी पक्ष उठला. किल्ल्याचा दरवाजा जाळला गेला, मिर्झाखान मारला गेला आणि शहरात परदेशीयांची भीषण कत्तल झाली. अल्पवयी इस्माईलला गादीवर ठेवून जमालखानाने महदवी पंथ राजधर्म केला. या घटनांची हकीकत लिहिणारा फिरिश्ता स्वतः शिया होता व त्याच वर्षी तो विजापुरास निघून गेला. हे ध्यानात ठेवूनच त्याची साक्ष तोलावी लागते.

हिजरी सनाचे सहस्रक तेव्हा संपत आले होते. काही अपूर्व घडणार, ही भावना सर्वत्र होती. अकबराने तर सहस्र वर्षांचा इतिहासच लिहावयास लावला. परंतु हिजरी १००० उजाडण्यापूर्वीच, मे १५९१ मध्ये, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे जमालखान रणांगणी पडला. इस्माईलचा पिता बुऱ्हाण हा खानदेशच्या राजा अलीखानाच्या साह्याने विजयी झाला. शिया पंथ पुन्हा राजधर्म झाला आणि महदवींचा छळ सुरू झाला.

राज्य जेमतेम दोन वर्षे टिकले. पंथ मात्र टिकला. धर्माबादेहून रेल्वे ज्या हैदराबादेस जाते, तेथील चंचलगुड्यात महदवी समाज आजही आपली उपासना करीत नांदत आहे. संसार त्यागा, असे सांगणाऱ्या गुरूच्या नावाने सिंहासन बळकावले गेले, ते रक्ताने माखले आणि गेले. उरले ते ईश्वरस्मरण. गुरूने मागितले होते तेही तेवढेच.